सातवा दिवा

बँडच्या चोवीस टोप्यांवर चोवीस तांबडे तुरे होते आणि त्यांतला एकही धड नव्हता. रुझा गावलिकनं बस सुटल्यावर टोप्यांचे डबे उघडले आणि एकेक टोपी मांडीवर घेऊन बघायला सुरुवात केली. कुणाची पिसं मोडलेली, कुणाची दोरी सुटलेली, आणि बँडमास्तर गेरार्ड पिकाच्या तुऱ्याला तर कसर लागलेली.

"गेरार्ड, ही टोपी वर्षभर ठेवली होतीस कुठं? कोंबड्यांच्या खुराड्यात?"

"कपाटावर होती गं," पुढच्या बाकावरून गेरार्ड म्हणाला. "बायकोनं तिच्यावर रजया ठेवल्या."

"मग आज रजईच घालून यायचंस डोक्यावर."

मागचे सगळे म्हातारे खो खो हसले. रुझानं दातानं दोरा तोडला आणि पुढची टोपी घेतली.

हा बँड खाणीचा. कातोवित्से शहराच्या पोटात जी कोळशाची खाण होती, तिथल्या कामगारांचा. खाण बंद पडून वीस वर्षं झाली, तरी बँड चालूच राहिला. आता त्यात बहुतेक पेन्शनवाले होते. दर गुरुवारी चर्चमागच्या खोलीत जमायचे, तासभर वाजवायचे आणि दोन तास बिअर पीत भांडायचे. रुझानं उभ्या जन्मात एक सूर वाजवला नव्हता. तिचा नवरा रुडोल्फ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. तो गेल्यावर आता रुझा काही यायची नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पुढच्याच गुरुवारी ती शिवणाची पिशवी घेऊन दारात हजर. "तुमची बटणं कोण लावणार, तुमचे बाप?" एवढंच तिनं विचारलं होतं.

आज डिसेंबरची चार तारीख, संत बार्बाराचा दिवस, म्हणजे खाणवाल्यांचा सण. पहाटे सहाला बँडनं रिवाजाप्रमाणे विटांच्या चाळींमधून वाजवत फिरून सगळ्यांना उठवलं होतं. एरवी त्यानंतर चर्च, जेवण आणि झोप. पण आज दुपारी त्यांना शहरातल्या मोठ्या संगीतगृहात जायचं होतं. तिथल्या नव्वद जणांच्या वाद्यवृंदाबरोबर बसून वाजवायचं होतं. खाणीवर एक नवीन रचना तयार झाली होती आणि तिच्यात बँडसाठी खास जागा ठेवली होती. दोन महिने म्हातारे घासत होते. रुझाचा धाकटा दीर एर्विन ट्यूबा वाजवायचा. मिठी मारल्यासारखं पोटाशी धरायचं ते अवजड पितळी वाद्य. शेवटचा सूर त्याच्या एकट्याचा होता. सगळा वाद्यवृंद हळूहळू गप्प होत जायचा आणि एर्विनचा एकच खोल सूर उरायचा. मग तोही थांबायचा. रचना संपली.

"पोटात गोळा आलाय," एर्विन तिच्या कानाशी म्हणाला.

"सकाळपासून चार सॉसेज खाल्लीस. गोळा नाही तर काय येणार?"

बस थांबली ती अगदी दारासमोर. रुझानं मान वर केली आणि सुई बोटातच राहिली.

खाण पाडल्यावर ही जागा कितीतरी वर्षं उघडी पडली होती, आणि ती सगळी वर्षं रुझा बाजाराला जाताना पलीकडच्या रस्त्यानं वळसा घालून जायची. मग इथं बांधकामं उठली. संग्रहालय आलं, सभागृह आलं, हे संगीतगृह आलं. लोक सांगायचे, अगं जाऊन बघ तरी. ती म्हणायची, गुडघे दुखतात. गुडघे दुखत नव्हते. जिथं बत्तीस वर्षं कामाचे कपडे घालून गेलो, तिथं आता चांगला कोट घालून जायचं, हेच तिला पटत नव्हतं. शिवाय तो चांगला कोट होता कुणाकडं?

आजच्यासाठी मात्र तिनं तो विकत घेतला होता. निळा.

इमारत विटांची होती. विटांच्या उंच उंच खांबांच्या आतल्या कडा तांबड्या रंगवलेल्या.

"अरे, हा तर आपल्या खिडक्यांचा रंग!" एर्विन ओरडला. "आपल्या चाळीतला! चोरला लेकाच्यांनी."

"चोरला नाही, मान दिलाय," गेरार्ड म्हणाला.

दारातला पहारेकरी तरुण होता. त्यानं रुझाच्या गळ्यात पास अडकवला आणि हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय का आजी?"

"बत्तीस वर्षं पहाटेच्या पाळीला येत होते रे बाळा," रुझा म्हणाली. "दार तेवढं दुसरीकडं होतं."

आत शिरल्यावर म्हाताऱ्यांचं भांडण लागलंच. इथं नेमकं काय होतं? एर्विनच्या मते कोट ठेवायच्या लांबलचक काउंटरपाशी न्हाणीघर होतं. गेरार्ड म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, न्हाणीघर पार तिकडं संग्रहालयाच्या बाजूला, इथं तर लाकडांचा ढीग असायचा. एक जण म्हणाला, इथं काहीच नव्हतं, इथं साहेबांच्या गाड्या उभ्या राहायच्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. रुझा जमिनीकडं बघत होती. फरशी इतकी स्वच्छ होती की तिला आधी ती पुसणाऱ्या बाईची आठवण झाली. कुणीतरी पहाटे उठून आलं असणार.

खाणीत तिचं काम होतं दिवेघरात. खाली उतरण्याआधी प्रत्येक माणूस तिच्या खिडकीपाशी यायचा, आपला नंबर सांगायचा आणि दिवा घ्यायचा. पाळी संपली की परत आणून द्यायचा. मग ती काचा पुसायची, तपासायची, भरायची आणि खुंटीला टांगायची. पाळी सुटल्यावर खुंटी रिकामी दिसली, म्हणजे एक माणूस अजून खाली आहे. बत्तीस वर्षांत तीन वेळा असं झालं, की खुंटी रिकामीच राहिली. त्या तिघांची नावं ती दर रविवारी मेणबत्ती लावताना घ्यायची.

प्रेक्षागृहात तिला मधल्या रांगेत बसवलं. काळ्या भिंती, वर उजळ लाकूड, अठराशे खुर्च्या आणि त्यांत ती एकटी. समोर रंगमंचावर काळ्या स्वेटरमधला वाद्यवृंद आणि त्यांच्या डाव्या हाताला बँडचे चोवीस जण, घट्ट गणवेशात, शाळेत फोटो काढायला बसवल्यासारखे. रंगमंचाच्या कडेला काळ्या तिवयांवर पितळेचे नऊ जुने दिवे ओळीनं मांडले होते. सजावटवाल्यांनी कुठून कुठून जमवलेले. ज्योतीच्या जागी आत इवलासा बल्ब.

वाद्यवृंदाच्या संचालिका होत्या यागोदा झारेंबा. वॉर्सोच्या, चाळिशीच्या, केस मुलांसारखे कापलेले. त्यांनी हात उचलला आणि तालीम सुरू झाली.

रुझाला संगीतातलं कळत नव्हतं. पण हे काही वेगळंच होतं, हे तिला लगेच कळलं. रस्त्यावर बँड वाजतो तेव्हा आवाज वाऱ्यावर उडून जातो. इथं प्रत्येक आवाज येऊन शेजारच्या खुर्चीत बसत होता. कुणी पान उलटलं तरी ऐकू यायचं. सुरुवातीला बँड नेहमीसारखा फुप्फुसं फाडून वाजला. यागोदाबाईंनी थांबवून सांगितलं, "अर्धा जोर पुरे. इथं कुणाला झोपेतून उठवायचं नाही." म्हातारे ओशाळले, पण ऐकलं. दुसऱ्या खेपेला ते असे काही हळुवार वाजले की रुझाला खरंच वाटेना, हे तेच, बिअरवरून भांडणारे.

मग शेवट आला. एकेक वाद्य मावळत गेलं. एर्विननं गाल फुगवले आणि तो खोल सूर धरला.

थर्र.

यागोदाबाईंनी हात आवरला. "काहीतरी करकरतंय. पुन्हा."

पुन्हा सूर. पुन्हा तेच. बारीक, कोरडं, दातावर दात वाजावेत तसं. थर्र.

नव्वद जणांनी एर्विनकडं बघितलं.

"माझं वाद्य साफ आहे बाई," एर्विन म्हणाला. "काल स्वतः तेल घातलंय."

ध्वनिव्यवस्थेचा माणूस आला, बोगुश नावाचा. टक्कल पडलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्यानं टॉर्च घेऊन ट्यूबा आतून बाहेरून बघितला. एका झडपेला चिकटपट्टी लावली. एर्विनच्या कोटाचं वरचं बटण काढून ठेवायला लावलं. पुन्हा सूर. थर्र.

मागं कुणीतरी कुजबुजलं, "कवळी तर नसेल?"

पण त्या प्रेक्षागृहात कुजबूज लपत नाही. एर्विनचे कान लाल झाले.

"कवळी फक्त वरची आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "खालचे माझे मला आहेत. बघायचेत?"

हसू झालं, पण यागोदाबाई हसल्या नाहीत. त्या घड्याळाकडं बघत होत्या. मग त्या एर्विनपाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गावलिकसाहेब, पाच वाजता कार्यक्रम सुरू होईल. शेवटचा सूर आमच्या पावेलनं त्याच्या वाद्यावर धरला तर चालेल का? बाकी सगळं तुम्हीच वाजवा."

"चालेल की," एर्विन म्हणाला.

तो ट्यूबा आडवा धरून त्यातलं पाणी काढायला लागला. पाणी नव्हतंच. रुझाला दिसत होतं, की त्याला कुणाकडं बघायचं नव्हतं म्हणून तो ते करत होता. रुडोल्फ गेला त्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्यांवर तो असाच बुटाची नाडी बांधत बसला होता, बांधलेलीच.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण पहिल्या खेपेपासून तिला तो आवाज ओळखीचा वाटत होता, आणि तिसऱ्या खेपेला तिची खात्री पटली होती. पण एवढ्या शिकलेल्या लोकांत आपण काय बोलायचं, म्हणून ती गप्प होती. आता तोंडातल्या तोंडात ती पुटपुटली, "दिवा आहे तो मेल्यांनो, दिवा. काच हलतेय."

रंगमंचावरच्या सगळ्या माना वळल्या.

"कोण बोललं?" यागोदाबाईंनी विचारलं.

रुझाला धरणी दुभंगावी असं झालं. "कुणी नाही. मी आपली मनाशी."

"इथं मनातलंही ऐकू येतं. काय म्हणालात तुम्ही?"

रुझा बोलली ती शिलेशियाची, म्हणजे या खाणींच्या मुलखाची, घरची बोली. वॉर्सोच्या बाईंना त्यातलं निम्मं कळलं नसावं. गेरार्डनं उभं राहून शुद्ध भाषेत सांगितलं, "आमच्या रुझाबाई म्हणतायत, वाद्य नाही, दिवा वाजतोय. दिव्याची काच."

"दिवे पाच मीटर लांब आहेत," बोगुश म्हणाला.

"असेनात लांब," रुझा आता उभीच राहिली. "आवाज चालत जातो. त्याला बस लागत नाही."

यागोदाबाईंनी दिव्यांच्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "या वर."

त्या चार पायऱ्या चढताना रुझाचे बूट करकर वाजले आणि तेही सगळ्यांनी ऐकलं. तिनं शिवणाची पिशवी छातीशी धरली होती. पण दिव्यांच्या ओळीपाशी पोचल्यावर तिला लोक दिसेनासे झाले. नऊ दिवे. दोन जर्मनांच्या अमलातले, बाकीचे नंतरचे. एकाचं टोपण दुसऱ्याच दिव्याचं. तिनं पिशवी खाली ठेवली.

"एर्विन, तो सूर धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"रुझे, मला श्वास घ्यावा लागतो."

"घे की. दिव्यागणिक एक."

एर्विननं सूर धरला. थर्र सुरू झालं. रुझानं पहिल्या दिव्याच्या टोपणावर तळहात ठेवला. आवाज तसाच. दुसरा. तसाच. तिसरा, चौथा. एर्विन श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचा. पाचवा, सहावा. बोगुश हाताची घडी घालून उभा होता. सातव्या दिव्यावर तिनं हात ठेवला आणि आवाज बंद.

तिनं हात उचलला. थर्र.

ठेवला. बंद.

व्हायोलिनवाल्यांच्यात खसखस पिकली. कुणीतरी हलकेच शीळ घातली. एर्विननं वाद्य खाली घेतलं आणि पहिल्यांदाच ताठ बसला.

"वा!" बोगुश मोकळेपणानं म्हणाला आणि दिवा उचलायला पुढं झाला. "हा काढून ठेवतो. आठ राहिले तरी कुणाला कळणार नाही."

"ठेवा खाली," रुझा म्हणाली.

तो थबकला.

"बत्तीस वर्षांत मी बिघडलेला दिवा बाजूला काढून ठेवून घरी गेले नाही. दुरुस्त करून गेले. आज सणाच्या दिवशी बाजूला काढू होय?"

"होईल दुरुस्त?" यागोदाबाईंनी विचारलं.

"न व्हायला काय झालं? लोहचुंबक लागेल फक्त. मोठं." तिनं दिव्याच्या बुडाशी बोट लावून दाखवलं. "ह्याला किल्ली नसते. खाली कुणी उघडला तर आगच लागायची, म्हणून कुलूप आतल्या आत. बाहेरून चुंबकानंच निघतं. आमच्या मेजाला एक पक्कं ठोकलेलं होतं."

"किती जोराचं हवं?"

"तुमच्या कमरेचा पट्टा ओढून घेईल एवढं."

बोगुशनं टकलावरून हात फिरवला. एकदम काहीतरी सुचल्यासारखा तो विंगेत धावला. यागोदाबाईंनी घड्याळ बघून जाहीर केलं, "पंधरा मिनिटं विश्रांती." पण एकही जण उठला नाही. उलट मागचे उभे राहून बघायला लागले.

बोगुश परत आला तो एका मोडक्या स्पीकरचं चुंबक घेऊन. ताटलीएवढं, जाड, आणि त्याला दोन स्क्रू-ड्रायव्हर चिकटलेले. "हे चालेल?"

"बघू."

रुझा एका रिकाम्या खुर्चीवर बसली. चुंबक मांडीवर ठेवलं, दिव्याचं बूड त्यावर टेकवलं, जरा कलतं केलं, पाव फेरा वळवलं. जमेना. पुन्हा वळवलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. आता फजिती होते की काय, असं तिला वाटलं. मग तिनं डोळे मिटले आणि हातांना त्यांचं त्यांना करू दिलं.

टक्.

वीस वर्षांनी ऐकला तो आवाज. पण कामाच्या मध्ये रडायची तिला सवय नव्हती. बूड फिरवून काढलं, बल्ब बाजूला ठेवला, काच बाहेर घेतली. आणि तिचा आवाज चढला.

"वॉशरच नाही! काच नुसती पितळेवर टेकवलीय! कुणी बसवला हा? आमच्या खिडकीतून असा दिवा बाहेर गेला असता ना, तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि बरोबरच केलं असतं!"

"मी नाही," बोगुश घाईघाईनं म्हणाला.

पिशवीत तुऱ्यांच्या बुडाशी लावायचा जाड काळ्या लोकरीचा तुकडा होता. तिनं बारकी कात्री घेतली आणि न मोजता एक गोल कापला, मग त्याच्या पोटातून दुसरा. कडं काचेखाली बसवून बघितलं. नखाएवढं जास्त होतं. छाटलं. रुमालानं काच आतून पुसली, उजेडासमोर धरली, पुन्हा पुसली. बल्ब परत आत ठेवला, दिवा बूड फिरवून बंद केला, कुलूप बसल्याचा आवाज ऐकला आणि कानाशी धरून खुळखुळा हलवावा तसा हलवला. गप्प. तिनं तो तिवईवर ठेवला, ओळीत सरळ केला.

"हं. वाजव."

चाळीस वर्षं ती एर्विनचा ट्यूबा ऐकत होती. सणाला, प्रेतयात्रेला, बिअरच्या मंडपात. पण तो सूर असा तिनं कधीच ऐकला नव्हता. तो कानातून आला नाही, तळपायातून आला. खालून, जमिनीच्या पार पोटातून यावा तसा वर चढत गेला आणि छातीशी येऊन थांबला. कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता. एर्विननं तो धरून ठेवला, हळूहळू सोडला, आणि मग जे उरलं ते इतकं स्वच्छ होतं की रुझानं हात पुसले.

इतक्यात सगळ्या रंगमंचावर टकटक सुरू झाली. व्हायोलिनवाले गज आपटत होते, समोरच्या पानं ठेवायच्या स्टँडवर.

"झालं, झालं!" रुझा गडबडीनं पिशवी गोळा करायला लागली. "जाते बाई, एवढी घाई कसली!"

शेजारचा पांढऱ्या दाढीचा चेलोवादक हसत वाकला. "अहो, ही आमची टाळी आहे. हात मोकळे नसतात ना."

रुझाचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. काय करावं ते न सुचून ती म्हणाली, "आता बाकीचे आठही बघून घेते." आणि बघितले. दोन ढिले निघाले.

पावणेपाचला बँड विंगेत उभा राहिला. पलीकडून अठराशे लोकांची गुणगुण येत होती. रुझा दारापाशी थांबली होती, शेवटचे तुरे सरळ करायला. म्हाताऱ्यांपैकी कुणी ओठ चाटत होतं, कुणी पँट वर ओढत होतं. आणि कुणी न सांगता ते एकामागं एक ओळीत आले, पहाटे तिच्या खिडकीसमोर यायचे तसे.

एर्विन पहिला. तिनं त्याच्या टोपीला हात घातला. तो समोर बघत म्हणाला, "चौदाशे दोन."

तिचा हात थांबला. तो त्याचा दिव्याचा नंबर होता.

"देव पाठीशी असो," ती म्हणाली. खिडकीतून दिवा देताना म्हणायची तेच. "पुढचा."

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"देव पाठीशी असो. पुढचा."

"दोन हजार दोनशे सोळा."

"हनुवटी वर कर. देव पाठीशी असो."

असे सगळे गेले. कुणी हसलं नाही. शेवटी गेरार्ड आला, हातात छडी. तो अडखळला. "रुझे, मी विसरलो गं."

"आठशे सतरा. दर सोमवारी उशिरा यायचास."

"तेवढं बरं लक्षात राहिलं तुझ्या!"

"मला सगळ्यांचं लक्षात आहे. जा आता."

यागोदाबाई मागंच उभ्या होत्या, काळ्या पोशाखात. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्या पुढं झाल्या आणि मान जरा झुकवून म्हणाल्या, "मला नंबर नाही, रुझाबाई."

रुझानं त्यांच्या खांद्यावरचा एक दोरा उचलला. "तुम्ही पाहुण्या. पाहुण्यांना नंबर लागत नाही, त्यांची काळजी आम्ही घेतो. देव पाठीशी असो."

तिची जागा आता पुढून चौथ्या रांगेत होती. बोगुशनं स्वतः नेऊन बसवलं. शेजारी मोत्यांची माळ घातलेली एक बाई होती. बँड रंगमंचावर आला, तांबडे तुरे डुलले, टाळ्या झाल्या. बाईनं वाकून विचारलं, "तुमचं कुणी आहे का त्यांच्यात?"

"आहेत ना," रुझा म्हणाली. "चोवीस."

रचना चाळीस मिनिटांची होती. रुझानं ती सगळी खुर्चीच्या काठावर बसून ऐकली. शेवट जवळ आला तसा तिचा जीव टांगणीला लागला. लोकर नीट बसली असेल ना? नखाएवढं जास्त छाटलं का? एकेक वाद्य मावळलं. एर्विननं गाल फुगवले.

सूर आला. एकटा, गोल, खोल. नऊच्या नऊ दिवे गप्प होते. मोत्यांच्या बाईनं श्वास रोखला होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हळूच टोपी छातीशी धरली. सूर संपला. मग जो आवाज झाला, त्यानं रुझा दचकलीच.

लोक उभे राहिले. यागोदाबाईंनी गेरार्डचा हात धरून त्याला पुढं आणलं. त्याला फुलं दिली, ती कुठं धरावीत ते त्याला कळेना. मग त्यांनी एर्विनला एकट्याला उभं केलं. एर्विन उभा राहिला, वाकला, आणि तालमीत कुणीही सांगितलं नव्हतं असं काहीतरी केलं. त्यानं ट्यूबा उचलून त्याचं तोंड चौथ्या रांगेकडं वळवलं आणि रोखून धरलं. गेरार्डनं छडी तिकडं केली. मग सगळा बँड तिकडं बघायला लागला. पाठोपाठ व्हायोलिनवाले, पांढऱ्या दाढीचा चेलोवादक, यागोदाबाई.

"तुम्हालाच दाखवतायत ते," मोत्यांची बाई म्हणाली.

"बसा म्हणावं त्यांना," रुझा कुजबुजली. पण ती उठली. हात कुठं ठेवावेत ते समजेना, म्हणून कमरेवर ठेवले आणि निळ्या कोटात ताठ उभी राहिली. मागच्या लोकांना काही ठाऊक नव्हतं, ही कोण, हिनं काय केलं. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. रुझानं मान खाली घातली नाही. एकेका चेहऱ्याकडं नीट बघितलं. दिवा देताना माणसाचा चेहरा बघून घ्यायचा असतो, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

परतीच्या बसमध्ये तिनं खसखशीचा कोवोच काढला, त्यांच्या सणाचा गोड केक, आणि चाकूनं वड्या पाडून वाटला. सगळे एकाच वेळी बोलत होते. एर्विन ड्रायव्हरच्या मागं उभा राहून त्याला गोष्ट सांगत होता.

"आणि काय सांगू तुला, वीस-पंचवीस दिवे! आणि हिनं नुसतं लांबून ऐकून सांगितलं, तो बारावा!"

"नऊ होते," रुझा मागून म्हणाली. "आणि सातवा. आणि हात लावून बघितला."

"अगं, सांगू दे ना मला!"

"सांग. पण नीट सांग."

ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, "आणि तो शेवटचा सूर? तो कसा लागला?"

एर्विन हातातल्या वडीकडं बघत म्हणाला, "बरा लागला."

"बरा?" रुझानं चाकू खाली ठेवला. "आयुष्यभर थापा मारत आलास, एर्विन, आणि आज खरं सांगायची वेळ आली तर लाजतोस?"